पदवीच्या पहिल्या वर्षात भागाकार शिकवलाच पाहिजे

पदवीच्या पहिल्या वर्षाला अंकगणिताचा पाया पक्का करणारा अभ्यासक्रम असावा, असे कुणी सुचवले की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. महाविद्यालय म्हणजे काय चौथीचा वर्ग आहे? वजाबाकी, भागाकार, शेकडेवारी हे शाळेचे काम. ते शाळेने केले नसेल तर शाळेला जाब विचारा, विद्यापीठाच्या पदवीला उजळणीचे ठिगळ लावू नका. असे म्हणणारी माणसे वाईट हेतूची नाहीत. त्यांत मनापासून शिकवणारे प्राध्यापक आहेत, संस्थाचालक आहेत, आणि मुलीने पदवीधर व्हावे म्हणून घरातली तूर विकून शुल्क भरणारे आईबापही आहेत. त्यांना पदवीची पत सांभाळायची आहे. ती मलाही सांभाळायची आहे, आणि म्हणूनच त्यांचे उत्तर मला साफ चुकीचे वाटते. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावातले महाविद्यालय एखाद्या विद्यार्थ्याला प्रवेश देते, त्याचे शुल्क घेते, त्याचे नाव हजेरीपटावर लावते, तेव्हा तो जिथे उभा आहे तिथून त्याला पुढे नेण्याची जबाबदारीही ते स्वीकारते. तो जर भागाकारापाशी अडलेला असेल तर शिकवण्याची सुरुवात भागाकारापासून झाली पाहिजे. ती उघडपणे, वेळापत्रकात तास देऊन आणि श्रेयांक देऊन झाली पाहिजे. हे या लेखाचे म्हणणे आहे, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप एकेक करून तपासायचे आहेत.

आधी वस्तुस्थिती पाहू. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत सुमारे ३५ हजार जणांशी प्रत्यक्ष बोलून ती झाली. यातले जवळपास ८७ टक्के कुठल्या ना कुठल्या शाळेत किंवा महाविद्यालयात शिकत होते. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचे, हे तिसरी-चौथीच्या पातळीचे उदाहरण त्यांतल्या ४३ टक्क्यांनाच सोडवता आले. व्यवहारातले प्रश्न विचारल्यावर चित्र आणखी बिघडले. ज्यांना निदान वजाबाकी येत होती, त्यांच्यातही वस्तूवरची सवलत काढून किंमत सांगणारे ३७ टक्क्यांच्या आसपास निघाले आणि कर्जाची एकूण परतफेड किती होईल हे दहांतल्या एकालाच सांगता आले. ही पाहणी मंगरूळपीर तालुक्याची नाही आणि तिचे आकडे जसेच्या तसे इथल्या वर्गाला लावणे योग्य नाही. पण हा तालुका ज्यात येतो तो वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे शिक्षणासह अनेक बाबतींत तो मागे राहिला आहे हे सरकारनेच मान्य केले आहे. देशभर जे दिसते ते इथे मात्र दिसणार नाही, असे मानायला काही आधार नाही. शंका असेल त्याने पहिल्या वर्षाच्या वर्गात दहा उदाहरणांची एक साधी चाचणी घेऊन पाहावी. तिला खर्च कागदाचाच आहे.

अशी मुले पदवीच्या वर्गापर्यंत पोचतात कशी, याचेही उत्तर नियमांतच आहे. दहावीला गणिताचे १०० गुण, त्यांतले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, उत्तीर्ण व्हायला ३५. परीक्षा बीजगणिताची आणि भूमितीची. भागाकार येतो की नाही, शेकडेवारी कळली की नाही, हे तिथे वेगळे कुणी तपासत नाही. पुढे कला शाखा घेतली की गणिताशी संबंध संपला. वाणिज्य शाखेतही गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुले ज्याला एसपी म्हणतात तो विषय, घेता येतो. याचा अर्थ असा की बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याचा गणिताशी शेवटचा संबंध सोळाव्या वर्षी आला असू शकतो, आणि तोही पाठांतराच्या जोरावर काठावर सुटण्यापुरता. त्याने कुठलाही नियम मोडलेला नाही. आपण आखून दिलेल्या वाटेने तो आला आहे. आणि इथे आल्यावर अर्थशास्त्राच्या तासाला त्याला मागणीची लवचिकता भेटते. ती म्हणजे मागणीतल्या शेकडा बदलाला किमतीतल्या शेकडा बदलाने भागणे. भूगोलात नकाशाचे प्रमाण भेटते, वाणिज्यात घसारा आणि नफ्याचे गुणोत्तर भेटते. भागाकार न येणारा विद्यार्थी यातल्या प्रत्येक ठिकाणी व्याख्या पाठ करतो आणि उदाहरण सोडून देतो. म्हणजे अंकगणित शिकवायचे नाही असे ठरवले म्हणून अर्थशास्त्र नीट शिकवले जाते, असे होत नाही. दोन्ही राहून जातात.

‘येत नाही’ म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. ३०२ मधून १७८ वजा करायला दिले तर उत्तर २७६ असे लिहिलेले सापडते. बरोबर उत्तर १२४. पण २७६ हे उत्तर ठोकून दिलेले नाही. विद्यार्थ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, तिनातून एक गेला दोन. हातचा घ्यायचा म्हणजे दहाचा गठ्ठा सोडवायचा, हे त्याला कधी उमगलेच नाही, म्हणून त्याने स्वतःचा एक नियम तयार केला आणि तो इमानाने पाळला. तसेच ६१२ भागिले ६ याचे उत्तर १२ असे येते. एकाला सहाने भाग जात नाही म्हटल्यावर वर शून्य मांडायचा राहून जातो आणि १०२ चे १२ होतात. सहा गुणिले बारा बहात्तरच होतात, मग सहाशे गेले कुठे, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण उत्तर पडताळून पाहायचे असते हे कुणी सांगितलेले नसते. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. ५,००० रुपयांवर १० टक्के वाढ आणि मग १० टक्के कपात झाली की पुन्हा ५,०००, असे छातीठोक सांगितले जाते. प्रत्यक्षात ४,९५० उरतात. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की वजाबाकीतल्या अशा चुकांचा बराच भाग ठरावीक, पुन्हापुन्हा येणाऱ्या चुकीच्या नियमांतून निघतो. ही फार आशेची गोष्ट आहे. जी चूक नियमाने होते ती शोधता येते, आणि शोधता येते ती दुरुस्त करता येते. अठरा वर्षांच्या माणसाला स्थानिक किंमत समजावून सांगायला तीन वर्षे लागत नाहीत. लागतो तो चूक वाचू शकणारा शिक्षक आणि चूक दाखवायला न लाजणारा वर्ग.

आता पहिला आक्षेप: हे शाळेचे काम आहे. निश्चित आहे, आणि शाळेला त्यातून कुणीही सोडू नये. आठवीपर्यंतच्या ढकलपास पद्धतीला दोष देऊन राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आणली. पण नापास करणे म्हणजे शिकवणे नव्हे, आणि यातला कुठलाही उपाय आज एकोणीस वर्षांची असलेल्या मुलीच्या कामाचा नाही. ती शाळेतून बाहेर पडली आहे. तिला परत तिसरीत बसवता येणार नाही. तिच्यासमोर शिकण्याची एकच संस्था उघडी आहे, ती म्हणजे तिचे महाविद्यालय. दोष कुणाचा हा प्रश्न आणि आता कोण शिकवणार हा प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा टाळता येत नाही. शिवाय शाळा सुधारण्याचा रस्ता महाविद्यालयातूनच जातो. कला शाखेची बारावी होऊन डी.एल.एड. करणारा, किंवा पदवी घेऊन बी.एड. करणारा तरुण उद्या वर्गावर उभा राहतो, आणि पहिली ते पाचवीच्या वर्गाला गणित शिकवायला वेगळा शिक्षक नसतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरात १५० पैकी गणिताला ३० गुण आहेत आणि निकाल एकूण गुणांवर लागतो. ज्याला स्वतःला हातचा का घेतात हे कळले नाही तो मुलांना ‘असेच करायचे’ म्हणून सांगतो, आणि पंधरा वर्षांनी तीच मुले पुन्हा पदवीच्या वर्गात येतात. हे चक्र कुठेतरी तोडायचे आहे. महाविद्यालय म्हणते शाळेने तोडावे, शाळेतला शिक्षक महाविद्यालयातूनच आलेला असतो.

दुसरा आक्षेप पदवीच्या प्रतिष्ठेचा. इतकी साधी गोष्ट शिकवली तर पदवीची किंमत उतरेल, ही भीती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सॅन दिएगो येथील संकुल जगातल्या नामांकित संशोधन संस्थांत गणले जाते. तिथल्या एका समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये अहवाल जाहीर केला की माध्यमिक शाळेच्या पातळीखालचे गणित घेऊन येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत जवळजवळ तीसपट झाली आहे आणि नव्या तुकडीत आठांतला एक जण असा आहे. प्राथमिक शाळेपासूनचे गणित शिकवण्यासाठी त्यांना एक अभ्यासक्रम नव्याने आखावा लागला. सात अधिक दोन म्हणजे किती अधिक सहा, ही रिकामी जागा त्या वर्गातल्या चौथ्या हिश्श्याच्या विद्यार्थ्यांना भरता आली नव्हती. त्या विद्यापीठाने हे आकडे दडवले नाहीत, छापून लोकांपुढे ठेवले आणि उपाय काय यावर वाद घातला. प्रतिष्ठा अशी राखली जाते. आपल्याकडे गुणपत्रिका एक सांगते आणि विद्यार्थ्याची वही दुसरेच सांगते, तेव्हा पदवीची किंमत आधीच उतरलेली असते. नोकरी देणाऱ्याला ते कळते, बँकेला कळते, आणि सर्वांत आधी त्या विद्यार्थ्याला स्वतःला कळते. आणि हिशेबाला हलके मानण्याची रीत महाराष्ट्राच्या शिक्षणविचारातून आलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात गावच्या शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी व बाळबोध वाचन आणि लेखन यांच्या जोडीला हिशेब मागितला, शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. शेतकरी आणि शूद्रातिशूद्र कशामुळे नाडले जातात याचा त्यांच्याइतका कठोर अभ्यास त्या काळी दुसऱ्या कुणी केला नव्हता. त्यांनी मागितलेली गोष्ट सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही अर्ध्या मुलांना मिळाली नसेल, तर ती देण्यात विद्यापीठाचा कमीपणा कसा होईल?

तिसरा आक्षेप मोबाइलचा. प्रत्येकाच्या खिशात कॅल्क्युलेटर आहे, मग भागाकार हाताने कशाला? हा आक्षेप मंगरूळपीरच्या बाजार समितीत नेऊन तपासू. सोयाबीनच्या सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, कारण पावसात भिजलेला माल मर्यादेत बसत नव्हता. समजा, एका शेतकऱ्याच्या सोयाबीनचे मॉइश्चर १४ टक्के निघाले आणि खासगी व्यापारी म्हणाला की वजनात वजावट करावी लागेल. किती? बहुतेक जण म्हणतील दोन टक्के. मॉइश्चरच्या प्रत्येक टक्क्यामागे दोन किलो, म्हणजे क्विंटलला चार, असेही कुणी सांगेल. खरा हिशेब असा आहे: १०० किलो मालात १४ किलो पाणी, म्हणजे ८६ किलो कोरडा माल. हाच ८६ किलो कोरडा माल १२ टक्के ओलाव्याला एकूण वजनाच्या ८८ टक्के व्हायला हवा. म्हणून ८६ भागिले ०.८८, उत्तर ९७ किलो ७३० ग्रॅमच्या आसपास. न्याय्य वजावट क्विंटलला सव्वादोन किलोच्या किंचित वर. वीस क्विंटलमागे ती साडेपंचेचाळीस किलो होते. चार किलोने धरली तर ८० किलो. ४,४०० रुपये भाव धरला तर फरक सुमारे १,५२० रुपयांचा, एका हिशोबपट्टीवर. ०.८८ ने भागण्याचे काम मोबाइल क्षणात करील. पण भागायचे कशाला आणि कशाने, हे मोबाइल सांगत नाही. कर्जाचेही तसेच. ५०,००० रुपये, वर्षाला १२ टक्के सपाट व्याज, बारा समान हप्ते, असे सांगितले की महिन्याला ४,६६७ रुपये पडतात आणि व्याज ६,००० रुपये होते. ऐकायला बारा टक्केच. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५०,००० वर आकारले जाते, त्यामुळे घटत्या शिलकीवर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के, हेही ज्याला चटकन दिसत नाही त्याच्या हातातले यंत्र त्याला वाचवू शकत नाही. टक्के कशाचे, हा प्रश्न विचारता येणे हेच अंकगणित, आणि बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बाईपासून कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या पदवीधरापर्यंत तो सगळ्यांना रोज लागतो.

चौथा आक्षेप याच्या नेमका उलट टोकाचा आहे. आमची मुले बाजारात वाढली आहेत, तोंडी हिशेब त्यांना चांगले येतात, वर्गात शिकवायची गरज नाही, असे तो म्हणतो. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाड्यावर विचारलेल्या हिशेबांत त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिल्यावर ३७ टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातल्या मुलांना गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी जमत होते, शाळेतली साधी मांडलेली उदाहरणे जमत नव्हती. आणि जी मुले केवळ शाळेत जात होती त्यांना शाळेचे गणित बाजारात लावता येत नव्हते. एक ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही, हा त्याचा निष्कर्ष. हा निष्कर्ष माझ्या म्हणण्याला बळ देतो. पूर्वी इथल्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी तोंडपाठ असायची आणि ती थेट मापाशी, तराजूशी बांधलेली होती. तो दुवा आता तुटला आहे. बाजारातला हिशेब आणि वहीतला भागाकार एकच आहे, हे कुणीतरी मुद्दाम दाखवून द्यावे लागते, आणि ते करायला महाविद्यालयाचे पहिले वर्ष ही फार चांगली जागा आहे. समोरचा विद्यार्थी मोठा झालेला असतो, घरचा व्यवहार पाहू लागलेला असतो, आणि हिशोबपट्टी त्याच्यासाठी पुस्तकातले उदाहरण राहिलेली नसते.

पाचवा आक्षेप सर्वांत भक्कम आहे आणि त्याला वरवर उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेच्या सामुदायिक महाविद्यालयांनी असे उपचारात्मक वर्ग अनेक दशके चालवले आणि त्यांचा अनुभव वाईट आहे. पदवीच्या विषयांना हात लावण्याआधी विद्यार्थ्याला विनाश्रेयांक वर्गांची शिडी चढायला लावायची, अशी ती रीत होती. थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की गणिताच्या अशा वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी तिसरा हिस्साच ती शिडी पूर्ण चढला. अगदी खालच्या पायरीवर ठेवलेल्यांपैकी तर सहांतला एक. बाकीच्यांची ती शिडी अपुरीच राहिली. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून ही शिडी बहुतांशी मोडून काढली. हे पुरावे मी पूर्ण मान्य करतो. पण ते काय सिद्ध करतात, ते नीट पाहिले पाहिजे. अंकगणित शिकवणे वाईट, असे ते सांगत नाहीत. विद्यार्थ्याला दाराबाहेर उभे करून, त्याचा वेळ आणि पैसा घेऊन, श्रेयांक न देता शिकवणे वाईट, असे सांगतात. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठात सुमारे ९०० विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. ज्यांना उपचारात्मक बीजगणिताच्या वर्गात बसवले त्यांतले ३९ टक्के उत्तीर्ण झाले. तशाच विद्यार्थ्यांना थेट पदवीच्या संख्याशास्त्राच्या वर्गात बसवून सोबत आठवड्याला जादा मदतीचा तास दिला, तर ५६ टक्के उत्तीर्ण झाले. धडा स्पष्ट आहे: मूळ विषय आणि पाया एकाच सत्रात, एकमेकांना धरून शिकवा. आणि सॅन दिएगोचा अहवाल दुसरा धडा देतो: गरज नाकारून, प्रवेशाची चाचणी बंद करून ती नाहीशी होत नाही. शिडी मोडणे योग्य होते, पण शिकवणेच सोडून देणे चालणार नाही.

मग आपल्याकडे करायचे काय? सुदैवाने चौकट तयार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही पदवीचा अभ्यासक्रम श्रेयांकांत मांडला गेला आहे, आणि मुख्य विषयाखेरीज खुले ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली यांना त्यात जागा आहे. लेखी अभ्यासक्रमाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. पहिल्या दोन सत्रांत मिळून चार श्रेयांक, म्हणजे साठ तास, ‘व्यवहारातले अंकगणित’ या विषयाला देता येतात. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, अभ्यास मंडळाची इच्छा लागते. प्रवेशानंतर पहिल्या आठवड्यात एक चाचणी घ्यावी. तिचा निकाल विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक यांच्याखेरीज कुणाला कळू नये आणि गुणपत्रिकेवर त्याचा उल्लेख येऊ नये. ‘प्रथम’ने शाळांत इयत्ता न पाहता पातळी पाहून गट केले आणि त्याचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. तेच तत्त्व इथे लावावे. कुणी हातच्यापासून सुरू करील, कुणी शेकडेवारीपासून. शिकवणे मराठीत व्हावे आणि सामग्री हिशोबपट्टी, वीजबिल, सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर, औषधाच्या डब्यावरचे प्रमाण, बँकेचे पासबुक यांतून यावी. परीक्षेत कॅल्क्युलेटर द्यायला हरकत नाही, मात्र उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज आधी लिहून घ्यावा आणि त्याला गुण असावेत. आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने लवचिकतेचा धडा अंकगणिताच्या वर्गात शेकडेवारी झाल्यानंतर घ्यावा, एवढे दोघांनी बसून ठरवावे. कोण शिकवणार, ही अडचण खरी आहे. मंजूर पदे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या सीएचबी शिक्षकांवर महाविद्यालये चालली आहेत. पण म्हणूनच हा विषय ‘जमेल तसे घ्या’ म्हणून कुणाच्या माथी मारू नये. त्याच्या तासांना स्वतंत्र मंजुरी आणि पूर्ण मानधन मिळाले पाहिजे, आणि शिकवणाऱ्यांना विद्यार्थ्याची चूक कशी वाचायची याचे प्रशिक्षण दिले पाहिजे.

हे न करण्याचा दुसरा मार्गही आपल्यासमोर मांडला गेला आहे आणि त्याचा प्रतिवाद केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गणित ऐच्छिक करता येईल का, असा प्रश्न २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भातील सुनावणीत विचारला गेला. २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ द्यावे, मात्र त्या विद्यार्थ्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत अशी नोंद गुणपत्रिकेवर असावी, असा प्रस्ताव चर्चेला आला. गणितामुळे एखाद्याचे सगळे शिक्षण थांबू नये, यामागची ही कळकळ मला मान्य आहे, आणि अध्ययन अक्षमता असणाऱ्यांना सवलत मिळालीच पाहिजे. पण सर्वांसाठी रेषा खाली आणणे आणि तिथेच सोडून देणे हा त्या मुलांशी केलेला करार फार स्वस्तातला आहे. त्या मुलाचे शिक्षण गणिताशिवाय पुढे जाईल, त्याचे आयुष्य जाणार नाही. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित हा स्वतंत्र घटक आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत बुद्धिमत्ता आणि गणिताला चौथा हिस्सा गुण होते. म्हणून तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत खासगी शिकवणी वर्गांत पदवीधर तरुण पैसे भरून शेकडेवारी आणि काळ-काम-वेग शिकतात. जे शिकवणे महाविद्यालयाला कमीपणाचे वाटते ते बाहेर विकले जाते, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला तिथेही मिळत नाही. पदवीच्या प्रतिष्ठेची भाषा करणाऱ्यांनी या विषमतेचा विचार करावा. अंकगणिताचा वर्ग नाकारल्याने सुशिक्षित घरातल्या मुलाचे काही बिघडत नाही, त्याला घरी शिकवणारे असतात. बिघडते ते घरातली पहिली पदवी घ्यायला निघालेल्या मुलीचे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. अमरावती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी चार श्रेयांकांचा हा अभ्यासक्रम मराठीत तयार करावा आणि तो सर्व शाखांना खुला ठेवावा. मंगरूळपीर आणि जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांनी विद्यापीठाची वाट न पाहता येत्या सत्रात प्रवेशानंतरची चाचणी घ्यावी आणि आलेले आकडे, विद्यार्थ्यांची नावे वगळून, जाहीर करावेत. उच्च शिक्षण विभागाने त्यासाठी तासिकांना मंजुरी द्यावी. आणि प्राध्यापकांनी, विशेषतः ज्यांना हा विषय आपल्या पायरीखालचा वाटतो त्यांनी, एवढे लक्षात घ्यावे की वर्गात समोर बसलेला विद्यार्थी जिथे आहे तिथे जाऊन शिकवणे यापेक्षा मोठे काम त्यांच्या पेशात नाही. भागाकार न येता मिळालेली पदवी विद्यार्थ्याला फसवते आणि विद्यापीठालाही. भागाकार शिकवून दिलेली पदवी दोघांनाही खरी ठरवते. एका सत्राच्या तीस तासांत सगळे होणार नाही, साठ तासांतही काही जण मागे राहतील, त्यांना आणखी तास द्यावे लागतील. पण महाविद्यालयाने या कामाला हात घातला नाही, तर या मुलांसाठी ते करणारे दुसरे कुणीही उरत नाही.